हातचे राखलेले दिवस

प्रिय चिंगे,

पत्र बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, माझी तब्येत ठणठणीत आहे. गुडघा आहे तसाच आहे, त्याला मी आता घरातलंच माणूस समजते. फोन सोडून पत्र लिहायला बसले, कारण फोनवर तू विचारतेस, मी "बघू गं, ते सॉफ्टवेअर एकदा सुरू होऊ दे" म्हणते, मग तू फोन ठमीकडे देतेस, ठमी या आजीला आपल्या हलणाऱ्या दाताची हकिगत सांगते आणि विषय तिथेच राहतो. तुझा प्रश्न साधा आहे. नोकरी सोडून, इथलं घर बंद करून मी तुमच्याकडे कायमची राहायला येणार की नाही? वर्षभर तू विचारते आहेस आणि वर्षभर मी कारखान्याच्या त्या सॉफ्टवेअरमागे लपते आहे. आता ते सुरू झालं, लपायला जागा उरली नाही, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं. पण ते सुरू कसं झालं हे आधी ऐकून घे. ते ऐकल्याशिवाय माझं उत्तर तुला नीट कळायचं नाही, आणि ऐकण्यासारखं आहेही.

आमच्याकडे दवाखान्यांच्या खाटा बनतात एवढं तुला माहीत आहे. लहानपणी दोनतीनदा आलीस, तेव्हा रंगाचा वास येतो म्हणून पूर्ण वेळ नाक धरून बसली होतीस. पण मी तिथे नक्की काय करते हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी सांगत बसले नाही. माझ्या टेबलावर 'नियोजन' अशी पाटी आहे. ऑर्डर आली की पाइप कधी कापायला घ्यायचे, खाट रंगाला कधी पाठवायची, चाकं कधी मागवायची, गाद्या कधी, हे मी ठरवायचं. त्यासाठी मी प्रत्येकाला विचारायची, तुमच्याकडे किती दिवस लागतील? आणि प्रत्येक जण मला चक्क खोटं सांगायचा. वाईट बुद्धीने नाही गं. उशीर झाला तर बोलणी कोण खाणार, म्हणून प्रत्येक जण हातचे काही दिवस राखून सांगायचा. रंगखान्याचा मिस्त्री दोन दिवसांच्या कामाला आठवडा म्हणायचा. खरेदीचे साहेब, ज्यांना आम्ही 'होहो' म्हणतो कारण ते कशालाच नाही म्हणत नाहीत, ते चाकवाल्याने सांगितलेल्या मुदतीत स्वतःचे दिवस घालून मला सांगायचे. आणि चाकवाल्याने त्याचे आधीच घातलेले असायचे. गोदामाच्या बाई माल मोजून घ्यायला चार दिवस मागायच्या, आणि ज्या दिवशी सुनेशी वाजलेलं असेल त्या दिवशी सहा.

माझं सगळं कसब म्हणजे ही वजाबाकी. कोणाचं निम्मं करायचं, कोणातून आठवडा काढायचा, कोणाचा चेहरा बघून किती सोडून द्यायचं, हे मला तोंडपाठ होतं. एवढी वजाबाकी करून जो आकडा यायचा, त्यात माझे स्वतःचे तीन दिवस घालून मी तो मालकांना सांगायची. मालक मनातल्या मनात ते तीन काढून टाकायचे, हेही मला माहीत होतं. कोणी कोणावर विश्वास ठेवत नव्हतं आणि खाटा वेळेवर जात होत्या. मला यात काही वावगं वाटलं नाही.

घरी तरी काय वेगळं होतं? वेळेवर निघावं म्हणून तुझे बाबा स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढे करून ठेवायचे. ते पुढे आहे हे आपल्या तिघांनाही ठाऊक, त्यामुळे तेवढा वेळ आपण आणखी लोळायचो. आणि माझं ते कारखान्यातून फोन करणं, "आलेच गं"! 'आलेच' म्हणजे रस्त्यावरचे दिवे लागल्यावर, 'निघतेय' म्हणजे अजून तासभर, आणि 'निघाले' म्हणजे आई अजून पर्स शोधते आहे, हा हिशोब तू तिसरीचौथीतच पक्का केला होतास. तू कधी खिडकीत वाट बघत बसली नाहीस. मी यायची तेव्हा गृहपाठ उरकून, दूध पिऊन, सोफ्यावर पाय पसरून बसलेली असायचीस. खालच्या शिंपीणबाई म्हणायच्या, मुलगी मोठी समंजस आहे तुमची, आणि मी खूश व्हायची.

तर मालकांनी कारभार मुलीकडे दिला. आम्ही त्यांना धाकट्या बाई म्हणतो, पण वयाने धाकट्या असल्या तरी वागायला चांगल्या थोरल्या आहेत. त्यांनी आल्याआल्या ठरवलं की ऑर्डर, खरेदी, गोदाम, उत्पादन, पाठवणी, बिलं, सगळं एकाच सॉफ्टवेअरवर आणायचं. एकाने एकदा भरलं की सगळ्यांना दिसलं पाहिजे, विचारत हिंडायला नको. ते बसवायला एक उंच, सडपातळ मुलगा आला. त्याला मुलगा म्हणते, पण त्याचे केस कानाशी पिकलेत. त्याचं नाव आम्ही 'लांबू' ठेवलं आणि ते त्याला कळलं तेव्हा तो हसला, तेव्हाच मला तो आवडला. किती धीराचा माणूस! गोदामाच्या बाईंनी आपला पासवर्ड मोठ्या अक्षरात लिहून पडद्यावरच चिकटवला, होहोंनी एकच ऑर्डर पाच वेळा भरली कारण 'झालं' असं यंत्र तोंडाने बोललं नाही, मिस्त्रीने माऊस बिघडला म्हणून तक्रार केली आणि तो उलटा धरलेला निघाला. लांबू कोणावर वैतागला नाही. मीसुद्धा सुरुवातीला नाक मुरडलं, मग गोडी लागली. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी बसून बघायची, एक खाट म्हटली की खाली तिच्या सगळ्या भागांची फांदी उलगडते, चाकं, पाइप, हँडल, गादी, स्क्रू. छान वाटायचं.

मग आली ती रकान्यांची वेळ. प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक कामाला किती दिवस लागतात, आणि गोदामात कमीत कमी किती शिल्लक असली पाहिजे, हे ज्याचं त्याने भरायचं होतं. लांबूने बजावलं होतं, खरं भरा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि जन्मभर जे सांगत आले तेच भरलं. कोणी मुद्दाम केलं नाही. मिस्त्रीला विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की रंगाला आठवडाच लागतो. इतकी वर्षं तेच बोलून त्यालाही ते खरं वाटायला लागलं होतं. मीही माझ्या रकान्यात माझे तीन दिवस गुपचूप घातले. आम्हाला एक सुचलंच नाही. इतके दिवस मधे बसून वजाबाकी करणारी मी होते. आता मधे कोणी नव्हतं. यंत्राने सगळ्यांचं सगळं खरं धरलं आणि बेरीज केली.

ज्या सोमवारी सुरू केलं, त्या दिवशी सकाळी पडदा उघडला तर सगळं लाल. प्रत्येक ऑर्डर आधीच उशिरा चालली आहे, असं यंत्राचं म्हणणं. पुढच्या महिन्यात द्यायच्या खाटांचं काम गेल्या महिन्यातच सुरू व्हायला हवं होतं म्हणे. चाकं, पाइप, गाद्या ताबडतोब मागवा, असा त्याने धोशा लावला. आणि होहो कशालाच नाही म्हणत नाहीत, ते यंत्राला तरी कसं म्हणणार? त्यांनी ते सगळं मागवलं. चाकवाल्याला इतकी मोठी ऑर्डर जन्मात मिळाली नव्हती, त्याने टेम्पोवर टेम्पो पाठवले. त्यात गोदामाच्या बाईंनी हाताशी असावीत म्हणून वेगळी चाकं धरलेली, होहोंनी वेगळी, मी वेगळी. गोदाम भरलं, मग व्हरांडा भरला, मग खोकी बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत आली. जेवणघरात टेबलांखाली खोकी, पाय ठेवायला जागा नाही. आम्ही सगळे मांडी घालून खुर्च्यांवर बसून जेवत होतो. धाकट्या बाई रोज येऊन त्या खोक्यांकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. त्या बोलत नव्हत्या, त्याचीच सगळ्यांना धास्ती.

एवढी चाकं असून खाट मात्र एकही बाहेर पडेना, कारण हँडलं नव्हती. खाटेचं डोकं वर करायला पायथ्याशी फिरवायचं हँडल असतं ना, ते एक म्हातारे कातारी आम्हाला लेथवर करून देतात. त्यांची मुदत ते नेमकी सांगतात, ना कमी ना जास्त, आणि होहोंनीही ती तशीच भरली कारण त्या म्हाताऱ्यांना ते वचकून असतात. बाकी सगळ्यांनी हातचे राखलेले, त्यामुळे खाटा यंत्राच्या हिशोबापेक्षा कितीतरी आधी रंगून तयार झाल्या, आणि हँडलं यंत्राने अगदी शेवटाला मागवली. त्यात कातारी तापाने पडले. पूर्वी मी त्यांच्याकडून थोडी आधीच करून घेतली असती, कोणाला न सांगता. या वेळी यंत्र सांगेल तसंच वागायचं ठरलं होतं, म्हणून मी हात बांधून बसले. आणि ऑर्डर होती लहान मुलांच्या नव्या दवाखान्याची, त्यांच्या उद्घाटनाची तारीख छापून झालेली.

तेव्हा लांबूने सगळ्यांना एका खोलीत बसवलं. धाकट्या बाई पण होत्या. आम्हाला वाटलं, आता हजेरी घेणार. तो शांतपणे म्हणाला की सॉफ्टवेअरमध्ये काही बिघाड नाही, त्याने तुमच्या प्रत्येकाच्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढंच झालं आहे. तुम्ही एकमेकांच्या शब्दावर ठेवत नव्हता म्हणून आजवर चाललं. आता प्रत्येकाने आपले जास्तीचे दिवस सांगा, कोणाला काही बोललं जाणार नाही. सगळे छताकडे बघायला लागले. मिस्त्री नखं बघत होता. गोदामाच्या बाईंनी पदर सारखा केला. मला प्रत्येकाचे आकडे माहीत होते. मी तिथल्या तिथे सगळ्यांचे सांगू शकले असते, आणि लांबू माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता त्यावरून तेही त्याच्या लक्षात आलं होतं. पण दुसऱ्याची झाकली मूठ आपण कशी उघडायची? मी माझेच सांगितले. म्हटलं, माझे तीन, दरवेळी, उगीचच, भीतीपोटी. लांबूने ते लिहून घेतले. मग मिस्त्री म्हणाला, "लिहा, माझे पाच." होहो म्हणाले, "माझा आठवडा धरा." गोदामाच्या बाई म्हणाल्या, "मी माझे सांगते, पण आधी वचन द्या की उद्या टेम्पो दोन दिवस आधी आला तर मला कोणी घाई करणार नाही." आणि धाकट्या बाईंनी वचन दिलं. मला वाटतं, खरं काम त्या वचनाने झालं. बोलणी बसणार नाहीत असं कळल्यावर लोक खरं बोलतात गं. माझं एवढं वय झालं आणि मला हे खाटांच्या कारखान्यात कळलं.

हँडलांचं म्हणशील तर कातारी अंगात ताप असताना कामाला बसले आणि होतील तशी पाठवत राहिले. आम्ही सगळ्यांनी मिळून बसवली, धाकट्या बाईंनीसुद्धा हातात पाना घेतला. तरी उद्घाटनाला सगळ्या खाटा गेल्या नाहीत, काही नंतर गेल्या आणि दवाखान्याच्या व्यवस्थापकाने आम्हाला फोनवर चांगलंच सुनावलं. ती जादा चाकं आम्ही अजून संपवतो आहोत. पण आकडे दुरुस्त केल्यापासून यंत्र सरळ चाललं आहे. सकाळी पडदा उघडला की आज काय करायचं ते समोर असतं, आणि ते बरोबर असतं. मी फक्त बघते आणि पुढे ढकलते. दुपारपर्यंत माझं काम संपतं.

आता मुद्द्यावर येते. वर्षभर तुला मी सांगत होते आणि स्वतःलाही समजावत होते की कारखान्याचं माझ्यावाचून अडतं, म्हणून निघता येत नाही. आता अडत नाही. वजाबाकीच उरली नाही तर वजाबाकी करणारी कशाला हवी? धाकट्या बाईंनी मला हवं तर अर्धा दिवस येत राहा म्हणून सांगितलं आहे, ते त्यांचं चांगुलपण. मी गेले तरी चालणार आहे. त्या दिवशी घरी येताना मला वाटलं, चला, सुटले, आता लेकीकडे जायला मोकळी. पण घरी आले, पायातलं काढलं, दिवा लावला आणि आतून साफ कळलं की मला जायचं नाही. कारण काही मोठं नाही. मला इथे बरं वाटतं. कधी कंटाळा आला तर मी ओट्यापाशी उभ्यानेच ब्रेड खाते आणि कोणी विचारत नाही की एवढंच का. रविवारी शिंपीणबाई वर येतात, आम्ही पत्ते खेळतो, त्या लबाडी करतात, मी पकडते. तुझे बाबा गेल्यावर हे घर खायला उठायचं, ते मी तुझ्यापाशी रडून सांगितलं होतं. ते आता उठत नाही, हे सांगायचं मात्र राहून गेलं. तुझ्याकडे आले की तुम्ही सगळे माझं किती करता! टीव्हीचा आवाज कमी होतो, ठमीला दटावलं जातं, आणि मी चमचे कुठे ठेवलेत ते विचारत राहते. "आई, तू बस," म्हणतेस तू, आणि मी बसते. पंधरा दिवस मला ते फार गोड वाटतं. जन्मभर मला ते जमणार नाही.

हे आजच का लिहिलं ते आता सांगते. काल दुपारी तुझ्या नवऱ्याचा कारखान्यात फोन आला. मला वाटलं, ठमीला काही झालं. तर बिचारा विचारत होता, "आई, तुमचा पलंग ठेवतोय, डोकं खिडकीकडे हवं की दाराकडे? प्लग त्या बाजूला काढून घेतो." मग बोलता बोलता त्याच्या तोंडून सगळं निघालं. तुम्ही पुस्तकांची खोली रिकामी करून रंगवलीत. ठमीची पाळणाघरातली जागा पुढच्या महिन्यापासून सोडलीत. आणि तुला ती पूर्ण वेळाची नोकरी लागली, एक तारखेपासून, जिच्यासाठी तू दोन वर्षं धडपडत होतीस. मला यातलं काही न सांगता तू म्हणत राहिलीस, "सावकाश ये गं आई, घाई नाही." अगं, तुझ्यासारखी हिशोबी मुलगी माझ्या एका 'बघू'वर विसंबून पाळणाघर सोडते? तुला मी इतकी हवी होते, हे मला काल कळलं आणि मी टेबलावर डोकं टेकवून रडले. तरीही स्पष्ट लिहिते. मी तुमच्याकडे कायमची राहायला येणार नाही. पुढे अंथरुणाला खिळले तर तू म्हणशील तसं, पण ते तेव्हा. पाळणाघराची जागा उद्याच्या उद्या परत माग. ती मिळेपर्यंत ठमीला मी सांभाळते. तुझ्या नोकरीच्या आदल्या दिवशी पोचेन असं तिकीट काढलं आहे, आणि एक महिन्यानंतरचं परतीचंही काढलं आहे. महिन्यात जागा मिळाली नाही तर परतीचं पुढे ढकलेन, पण मी परत जाणार आहे हे धरून चाल. नोकरी तू सोडायची नाहीस, माझ्यापायी तर मुळीच नाही. तुझं मन मोडू नये म्हणून मी वर्षभर 'नाही' म्हटलं नाही, आणि तू त्या भरवशावर घर हलवलंस. आता मोडायचं ते मोडू दे, पण खऱ्यावर मोडू दे. पत्र मिळालं की फोन कर. चीड, भांड, आई ना तू, असं कसं लिहवलं तुला म्हणून विचार, मी फोन ठेवणार नाही. फक्त "ठीक आहे गं आई" एवढं म्हणू नकोस.

राहीन इथे, पण तुझीच,
आई